व्याह्यांनी अमेरिकेला सांगितलेली गोष्ट

अख्ख्या पुणे जिल्ह्यात आमच्या व्याह्यांइतका खरं बोलणारा माणूस सापडणार नाही, आणि मला त्यांच्याइतकं आजवर कुणी फसवलेलंही नाही. ही दोन्ही वाक्यं मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. बारामतीत माझा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे. बैलबाजारात दलाली करत करत इथवर आलो, पाठीशी कुणी नव्हतं. समोरचा माणूस काय लपवतो आहे हे त्याने तोंड उघडायच्या आत ओळखायचं, यावरच माझं घर उभं राहिलं. अशा माणसाला लासुर्ण्याच्या एका निवृत्त सरकारी मोजणीदाराने बनवलं, आणि तेही एक अक्षर खोटं न बोलता. याचा राग मी अजून बाळगून आहे. माझा स्वभाव तापट आहे हे मला मान्य आहे, पण हा राग तापट माणसाचा नाही. व्यवहारात हरलेल्या माणसाचा आहे, आणि तो लवकर उतरत नाही.

व्याही पाटबंधारे खात्यात होते. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात किती गेलं, कुणी किती ऊस भिजवला, हे पायी फिरून मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. या कामातल्या माणसाला उसाच्या पट्ट्यात जावयासारखा मान असतो, कारण त्याने पेन्सिल जरा आखूड धरली की शेतकऱ्याचं भलं होतं. व्याह्यांची पेन्सिल कधी आखूड झाली नाही. त्यांच्या स्वतःच्या दोन एकरांतही पाण्याची पाळी संपली की ते मनगटावरचं घड्याळ बघून चारीचं दार टाकून पाणी तोडायचे. एकदा उसाच्या तीन सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. विहीणबाई म्हणाल्या, सरकार काय बघायला आलंय का, पाच मिनिटं जाऊ द्या पाणी. यांनी दार टाकलं आणि घरी येऊन जेवले. त्या तीन सऱ्या वाळल्या, आणि पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते त्या वाळलेल्या सऱ्या कौतुकाने दाखवत, जणू तिथे कुणाचा पुतळा उभा होता. लग्नाच्या पंगतीत यजमानाने वाकून "काय कमी-जास्त?" असं विचारलं तर इतर लोक ढेकर देतात, व्याही सांगत, आमटीत मीठ जास्त पडलंय आणि वाढपी डाव्या पंगतीला विसरलेत. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ आजारात हात धरून म्हणाले, मी यातून उठेन ना? व्याह्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मला म्हाईत न्हाय, तात्या." ते तात्या उठले, पण पुढे कधी यांच्या दारावरून गेले नाहीत.

आता अशा माणसाशी सोयरीक करताना मी काय विचार केला असेल ते बघा. नव्वद साल नुकतंच लागलेलं. त्यांचा एकुलता मुलगा सतीश शिकून अमेरिकेत नोकरीला लागला होता, आणि माझ्या सुरेखाचं स्थळ मी तिथे नेलं. घासाघीस करायची म्हणून मी दोन दिवस मनाची तयारी करून गेलो होतो. व्याह्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. घोंगडीवर बसल्या बसल्या म्हणाले, पश्चिमेची भिंत पावसाळ्यात गळते, विहिरीला चैत्रात पाणी नसतं, माझी आई शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाली होती, पोरगं हट्टी आहे, त्याला चष्मा आहे, फोटोत काढून ठेवलाय एवढंच, आणि मी घोरतो. मी थक्क झालो. तीस वर्षांच्या धंद्यात आपल्या मालाच्या खोडी आपण होऊन सांगणारा विकणारा मी पहिल्यांदाच पाहत होतो. इतका उघडा माणूस म्हटल्यावर मी आणखी काय विचारणार? नारळ दिला, साखरपुडा केला आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, असं घर शोधून मिळणार नाही. तिलाही पटलं. लेकीचं लग्न बघून वर्षभरातच ती गेली.

ती गेली म्हणून पुढचं सगळं घडलं. सुरेखाला तिकडे दिवस गेले आणि सहाव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. जावई कामावर होता, बर्फ पडलेला होता, आणि घरात तिच्याजवळ एकही बाईमाणूस नव्हतं. तिने हे मला पत्रातून कळवलं, फोनवर तिला बोलता आलं नाही. शेवटी लिहिलं होतं, सासूबाई इथे आल्याशिवाय मी पुन्हा धाडस करणार नाही. विहीणबाईंनी पाहुणी म्हणून जायचा अर्ज एकदा केला होता, तो नाकारला गेला. मग सतीशला तिकडचं नागरिकत्व मिळालं, आणि नागरिक झालेल्या मुलाला आपल्या आईबापांना कायमचं बोलावून घेता येतं असं त्याने कळवलं. कागदांचा एक जाड लखोटा लासुर्ण्याला आला. व्याह्यांनी तो उघडला, पहिलं पान वाचलं, आणि घेऊन थेट बारामतीला माझ्या दुकानात आले. म्हणाले, "पावणं, ह्यात लई इचारलंय."

खरोखरच पुष्कळ विचारलं होतं. तालुक्याच्या कॉलेजातल्या एका इंग्रजीच्या सरांकडून आम्ही तो फॉर्म भरून घेत होतो. सर मराठीत सांगायचे, व्याही उत्तर द्यायचे, मी मध्ये मध्ये डोक्याला हात लावायचो. तुम्ही तिकडे जाऊन एकाहून अधिक बायका करणार आहात काय, या प्रश्नावर त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं आणि गंभीरपणे "न्हाय" म्हणाले. राज्य उलथवण्याच्या कटात कधी सामील होता काय, यावर म्हणाले, कालव्याचा दर वाढला तेव्हा एका मोर्चात शंभर पावलं चाललो होतो, पण ते वाट तिकडूनच होती म्हणून. कधी पोलिसांनी अटक केली काय, इथे मात्र आमची गाडी अडली. चाळीस वर्षांपूर्वी सायकलला दिवा नव्हता म्हणून इंदापुरात एका शिपायाने त्यांना चौकीवर नेऊन तासभर बसवून ठेवलं होतं. ते लिहा, असा त्यांचा हट्ट. मी म्हणालो, अहो, त्याला अटक म्हणत नाहीत. ते म्हणाले, "मग उठून जाऊ का म्हणलं तर जाऊ देत नव्हता, त्याला काय म्हणत्यात?" सरांनी पेन खाली ठेवलं. शेवटी मी इतका ओरडलो की सरांची बायको आतून पाणी घेऊन आली, आणि सायकलीचं प्रकरण कागदावर चढता चढता राहिलं.

फोटोचीही तीच तऱ्हा. त्या लोकांना उजवा कान दिसेल असा फोटो लागायचा. बारामतीच्या स्टुडिओत फोटोवाला म्हणाला, आजी, पदर जरा कानामागे घ्या. विहीणबाईंनी लग्न झाल्यापासून चारचौघांत डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता. त्या बसून राहिल्या. व्याही फोटोवाल्याशी, उजवाच कान का, डाव्याने काय घोडं मारलंय, अशी चौकशी करत बसले. मी चिडून काही बोलणार तेवढ्यात विहीणबाईंनी स्वतःच पदर मागे सारला आणि म्हणाल्या, "काढ बाबा. पोरीजवळ जायाचंय." पांढरे केस, पातळ झालेला कान, आणि डोळे समोर रोखलेले. त्या फोटोत त्या कुणावर तरी रागावल्यासारख्या दिसतात.

सगळ्यात मोठी अडचण सतीशच्या जन्माच्या दाखल्याची. व्याह्यांचं घराणं पूर्वी मेंढरं राखणारं. ते स्वतः शिकून नोकरीला लागले, पण धाकटा भाऊ कऱ्हाटीला राहून मेंढरंच राखायचा, आणि दिवाळीनंतर घरदार, घोडी, कोंबड्या घेऊन कळपामागे कोकणाकडे उतरायचा. सतीशचा जन्म अशाच एका मुक्कामावर, उघड्या रानात झाला, एवढं व्याह्यांनी मला सांगितलं. विहीणबाई तिथे कशाला गेल्या होत्या, हे मला विचारायला सुचलं नाही. सांगणारा माणूस व्याही होता ना. कुठल्याच गावाच्या दप्तरात नोंद नव्हती. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव व्याह्यांचं आणि जन्मतारीख एक जून होती. आमच्याकडे गुरुजी ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला एक जूनला जन्माला घालतात. आता नोंद आढळत नाही असा सरकारी दाखला, आणि जन्माच्या वेळी हजर असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं, एवढ्यावर भागणार होतं. मी व्याह्यांच्या भावाला आणि भावजयीला कऱ्हाटीहून इंदापूरच्या कचेरीत बोलावून घेतलं. व्यवस्था सगळी माझी होती.

तो दिवस मला नको तितका आठवतो. कचेरीच्या आवारात लिंबाखाली टायपिस्ट बसला होता. त्याने मजकूर वाचून दाखवला: सदर मुलगा माझी थोरली जाऊ हिच्या पोटी जन्मला, बाळंतपणास मी स्वतः हजर होते. भावाने सही केली. भावजयीने थोरल्या दिरापुढे उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं. ती डोईवर पदर ओढून, अंगठ्याला शाई लावून बसली आणि अंगठा कागदावर टेकवेना. व्याही आमच्याकडे पाठ करून भिंतीवरची पीक-आणेवारीची नोटीस वाचत होते. इतका वेळ वाचत राहावं एवढी ती मोठी नव्हती. विहीणबाई जाऊच्या शेजारी बसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवून होत्या. मला वाटलं, अडाणी बाई, सरकारी कागदाला भ्याली असेल. साडेपाचला कचेरी बंद होणार होती. मी खेकसलो, "अवं बाई, शाई वाळली. लावा की अंगठा, काय पोटचं पोर मागतोय का कुणी?"

तिने अंगठा लावला. माझ्या तोंडून गेलेलं ते वाक्य आज मला परत घेता आलं तर मी माझं दुकान देऊन टाकीन.

पुढे सगळं सुरळीत झालं. मुंबईच्या वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. मी त्या दोघांना घेऊन गेलो. आत फक्त त्यांनाच सोडलं, मी बाहेर फुटपाथवर, समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्यासारखे तिथे पुष्कळ होते, कुणाची लेक आत, कुणाचा नवरा आत. दोन तासांनी दोघं बाहेर आले. व्याही पुढे, विहीणबाई चार पावलं मागे, पदराचा बोळा तोंडावर धरून. मी विचारलं, झालं का?

"न्हाय झालं," व्याही म्हणाले. "त्या बाईनं इचारलं, ह्यो मुलगा तुमच्या पोटचा का. म्या न्हाय म्हणलं."

मला काही कळेना. मग कळलं. भावजय बाळंत झाली ती त्या मुक्कामावर, आणि विहीणबाईंना लग्नाला बारा वर्षं होऊनही मूल नव्हतं. भावजयीची आधीची दोन मुलं होती. मेंढरं घेऊन परत आल्यावर तिने दीड महिन्याचं पोर आणून थोरल्या जावेच्या ओटीत घातलं. कुठे कागद नाही, सही नाही. हळदकुंकू लावलं, पोरगं दिलं. आमच्या भागात अशी मुलं दिली-घेतली जातात आणि त्याची वाच्यता कुणी करत नाही. पुढे शाळेत घालताना गुरुजींनी बापाचं नाव विचारलं, आणि आयुष्यभर शेताचा एक गुंठाही इकडचा तिकडे न लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःचं नाव सांगितलं. सगळ्या लासुर्ण्याला ठाऊक होतं. सतीशला मोठेपणी कळलं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

काचेपलीकडच्या गोऱ्या बाईने मग विहीणबाईंना विचारलं होतं. मध्ये बसलेल्या मराठी माणसाने प्रश्न तीनदा सांगितला, पोटचा आहे का? त्या तिन्ही वेळेला एवढंच म्हणाल्या, "माझा हाय." एकाच खिडकीत नवरा-बायकोची दोन उत्तरं. त्या बाईने दोन्ही लिहून घेतली आणि कागद परत केले. वर हेही सांगितलं, की दत्तकाचा कागद नाही तेव्हा तुम्हा दोघांना जाता येणार नाही. पण ज्या बाईने जन्म दिला तिच्यासाठी मुलाने अर्ज केला आणि रक्ताची तपासणी जुळली, तर तिचा विचार होईल.

माझा तोल गेला. मुंबईच्या त्या फुटपाथवर, शंभर माणसांच्या देखत, मी व्याह्यांना नको ते बोललो. माझी पोर तिकडे एकटी आहे हे तुमच्या ध्यानात नव्हतं का, विचारलं. एक "व्हय" म्हणायला तुमची जीभ झडली असती का, विचारलं. आणि मग जे पोटात होतं ते बाहेर आलं.

"गळकी भिंत सांगितली, चष्मा सांगितला, घोरणं सांगितलं," मी म्हणालो, "आन् हे न्हाय सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाय, पावणं."

"पोरगं पोटचं हाय का, असं कोण इचारतं?"

"त्यांनी इचारलं," व्याही म्हणाले.

इंजिनाला बारीक चीर असलेला ट्रॅक्टर विकून झाल्यावर मीही गिऱ्हाइकाला नेमकं हेच सांगत आलो आहे, की तुम्ही विचारलं नाही.

परतीच्या एसटीत मी दुसऱ्या बाकावर बसलो. पुणे मागे पडलं, जेजुरी मागे पडली. मोरगावला गाडी थांबली तेव्हा व्याही उठून माझ्या शेजारी येऊन बसले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मी न विचारता ते आपण होऊन बोलले. "शाळंत लिवलं ते म्या लिवलं हुतं, त्याचं पाप माझ्याकडं. पण तिला म्या अंगठा लावाय लावला. स्वतःचं पोर जावंचं म्हणून." मग म्हणाले, "त्या बाईनं तोच कागद काचंवर धरला, पावणं. अंगठा निळा दिसत हुता." तो अंगठा कुणाच्या खेकसण्यावर लागला होता ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि त्या सत्यवादी माणसाने ते मात्र बोलून दाखवलं नाही.

त्या प्रतिज्ञापत्रात, बाळंतपणास मी स्वतः हजर होते, एवढं वाक्य तेवढं खरं होतं.

आठवड्याभराने व्याही आणि विहीणबाई कऱ्हाटीला गेले. आता तू जा, हे जावेला विहीणबाईंनी सांगितलं. ती ऐकेना. मी दिलं ते दिलं, आता मागच्या दाराने घ्यायला जाऊ का, म्हणून रडली. विहीणबाई तिथे तीन दिवस राहिल्या आणि तिला मनवूनच उठल्या. सतीशने तिकडे वकील लावून नव्याने सगळं खरं लिहिलं, रक्ताची तपासणी झाली, सव्वा वर्ष गेलं. या खेपेला मुंबईच्या मुलाखतीला जावेला शिकवून पाठवण्यासारखं काहीच नव्हतं. विचारलं ते सगळं खरंच होतं. विहीणबाई माझ्याशेजारी त्याच भिंतीला टेकून उभ्या होत्या. जाऊ पाऊण तासात बाहेर आली. विहीणबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, सुरेखाला पहिले पाच महिने जिना चढू देऊ नकोस. घरी जाऊन डिंकाचे लाडू त्यांनीच वळले, बॅग त्यांनीच भरली. मेंढरांमागे सगळा घाट चाललेली ती बाई विमानात एकटी बसून गेली. पुढच्या वर्षी सुरेखाला मुलगा झाला. दोघं सुखरूप आहेत.

लासुर्ण्याच्या घरी फोन नाही, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी व्याही आणि विहीणबाई बारामतीला माझ्याकडे येतात आणि तिकडून फोन येतो. त्या दिवशी मी भांडण काढायचंच, असं ठरवून बसतो. सोयरिकीचा विषय निघतो, मी आवाज चढवतो, व्याही ऐकून घेतात, चहा होतो. अलीकडच्या एका रविवारीही माझी तयारी झालेली होती. आत विहीणबाई फोनला चिकटल्या होत्या. नातू तिकडून काहीतरी बडबडत होता, त्या हसत होत्या. मग त्यांची जाऊ फोनवर आली असावी, कारण विहीणबाईंचा आवाज खाली गेला आणि त्या नुसत्याच हं, हं करत राहिल्या. व्याही उठून बाहेर ओट्यावर गेले. मीही मागोमाग गेलो, विषय तिथेच काढावा म्हणून.

ते रस्त्याकडे बघत उभे होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "सतीश तिला तिकडं आई म्हणाय लागला हुता. तिनं बंद करायला लावलं. काकीच म्हणवून घेतीया."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"म्या तितं जाऊन खरं सांगून आलो," व्याही म्हणाले, "आन् ती माझं खोटं सांभाळत बसलीया."

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला. आत विहीणबाई नातवाला विचारत होत्या, जेवलास का, काकीआजीनं काय केलं होतं. माझं भांडण त्या दिवशी राहून गेलं. पुढच्या रविवारी काढू म्हटलं, पण तेव्हाही राहिलं. आता ते दोघं आले की मी आधी चहाच टाकायला सांगतो.